परत फिरण्याचे पैसे कोण भरणार? नागपूरच्या सहल आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
नागपुरातले सर्व सहल आयोजक आणि हिवाळ्यात हिमालयात ट्रेक नेणारे सगळे गट,
सीताबर्डी, धरमपेठ, महाल, इतवारी, आणि जिथं जिथं तुमचं बुकिंगचं टेबल लागतं तिथं.

सप्रेम नमस्कार.

दिवाळीचा फराळ संपत नाही तोच तुमच्या जाहिराती सुरू होतात. सिमला-मनाली, काश्मीर, गंगटोक, आणि ज्यांना थंडी सोसत नाही त्यांच्यासाठी तिरुपती-रामेश्वर-कन्याकुमारी. नाताळच्या सुट्ट्यांत नागपुरातली किती घरं कुलूप लावून बाहेर पडतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यात वाईट काही नाही. माझ्या बायकोनं आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला तो तुमच्यापैकीच एकाच्या गाडीतून. बर्फ ओंजळीत धरून ती लहान मुलीसारखी हसली होती, ते मी विसरणार नाही. त्यानंतरचे दहा तासही विसरणार नाही. हे पत्र त्या दहा तासांमुळे लिहितो आहे.

तारीख 23 डिसेंबर 2024. मनालीच्या वर सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान त्या संध्याकाळी हजाराच्या आसपास गाड्या बर्फात अडकल्या, ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. त्यातली एक टेम्पो ट्रॅव्हलर आमची होती. आम्ही सतरा जण, सगळे नागपूरचे. माझ्यासोबत बायको, मुलगी आणि सहा वर्षांचा नातू.

सकाळी चहा देताना हॉटेलातला पोरगा आभाळाकडे बघून म्हणाला होता, "साहब, आज ऊपर जल्दी जाके जल्दी लौटना." आम्ही ते ऐकलं आणि पराठे खात बसलो. अकराच्या सुमारास सोलंगला गाडी थांबली. तुमचा सहलप्रमुख, चोवीस-पंचवीस वर्षांचं पोर, बाजूला जाऊन फोनवर बोलत होता. परत आला आणि म्हणाला, "दुपारनंतर हवामान बिघडणार आहे असं ड्रायव्हर म्हणतो. इथंच बर्फात खेळून परत जायचं का?" गाडीत एकदम गलका झाला. "अबे, पैसे भरले ना आपण? मंग काऊन वापस जायचं?" दुसऱ्यानं छापील कार्यक्रमच काढून दाखवला, त्यात बोगदा आणि पलीकडचं सिस्सू गाव स्पष्ट लिहिलं होतं. पोरगा गोंधळला. शेवटी म्हणाला, हात वर करा, जास्त जण म्हणतील तसं.

माझाही हात वर गेला. हे मी लपवणार नाही.

चारच्या पुढे आम्ही बोगद्यातून परत मनालीच्या बाजूला आलो तेव्हा रस्ता पांढरा झाला होता. ताजा बर्फ दिसतो तरी. त्याच्याखाली चाकांनी दाबून दाबून काचेसारखा झालेला थर दिसत नाही. त्यावर ब्रेक दाबला की गाडी थांबत नाही, फिरते. आमच्या पुढची एक मोठी गाडी आडवी होऊन हळूहळू घसरत कठड्याला टेकली. आतली माणसं ओरडत होती आणि आमचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला. तो कुल्लूचा होता, म्हणून वाचलो. त्यानं गाडी डोंगराच्या बाजूला लावली, चाकांखाली दगड घातले आणि सांगितलं, आता पोलीस सोडतील तेव्हाच हलायचं. दर थोड्या वेळानं तो उतरायचा आणि सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ हातानं काढायचा. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. नातवाचे भाड्यानं घेतलेले बूट आतून ओले झाले होते. त्याची बोटं पांढरी पडली तेव्हा मुलीनं ती आपल्या काखेत धरली आणि रात्रभर तशीच धरून बसली. हिमाचलचे पोलीस त्या थंडीत रात्रभर पायी फिरून एकेक गाडी खाली काढत होते. त्यांचे उपकार मोठे आहेत. हॉटेलात पोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी तो सहलप्रमुख मला जिन्यात भेटला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "काका, मी सोलंगहून ऑफिसला फोन केला होता. मला परतच फिरायचं होतं. पण ते म्हणाले, सिस्सू नाही दाखवलं तर लोक रिफंड मागतील, तू त्यांनाच विचार." त्या कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, कारण या जागी तुमच्यापैकी कोणीही असता तरी बहुतेक हेच झालं असतं. चूक एका ऑफिसची असती तर मी त्या ऑफिसला पत्र लिहिलं असतं. तुम्ही सगळे ज्या पद्धतीनं पैसे घेता त्या पद्धतीतच ही चूक बसलेली आहे, म्हणून तुम्हा सर्वांना लिहितो.

मी एसटीत होतो. शेवटची बरीच वर्षं गणेशपेठ स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. विदर्भात पावसाळ्यात नाल्याच्या पुलावरून पाणी जातं, तेव्हा चालकाच्या मनात काय चालतं हे मला माहीत आहे. मागे पन्नास प्रवासी असतात. कोणाला परीक्षेला जायचं असतं, कोणाच्या घरी मयत झालेली असते. सगळे म्हणतात, "काढा ना साहेब, एवढंसं तर पाणी आहे." अशा वेळी चालकाला एकच गोष्ट धीर देते. गाडी मागे वळवली तर डेपोत कोणी जाब विचारणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असलं पाहिजे. पाण्यामुळे रद्द झालेल्या फेरीबद्दल चालकाला एक शब्द बोलायचा नाही, हे मी माझ्या टेबलापुरतं पाळलं. तरीही सप्टेंबर 2021 मध्ये उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर नांदेडहून नागपूरला येणारी बस वाहून गेली आणि माणसं गेली. तो दिवस मला अजून छळतो. पाणी किती आहे हे पुलावर उभ्या माणसाला दिसत असतं. थांबायचं धाडस मात्र त्याला एकट्याला होत नाही, ते त्याला मागून कोणीतरी द्यावं लागतं.

तुमच्या सहलप्रमुखाला ते कोण देतं?

तुम्ही ज्यांना रामेश्वरला नेता त्यांना धनुष्कोडी दाखवता. पडकं चर्च, वाळू, दोन्ही बाजूंना समुद्र, आणि फोटो. तिथं काय झालं ते तुमचा माणूस दोन वाक्यांत सांगतो. मी जरा सविस्तर सांगतो, कारण ती हिवाळ्यातलीच गोष्ट आहे. 22 डिसेंबर 1964 च्या रात्री पांबनहून धनुष्कोडीकडे पॅसेंजर गाडी निघाली. चक्रीवादळ किनाऱ्यावर आलेलं होतं. धनुष्कोडीच्या अलीकडे सिग्नल बंद पडला, गाडी काही वेळ उभी राहिली, मग लांब शिट्टी वाजवून पुढे निघाली, असं सांगतात. समुद्राची लाट आली आणि अख्खी गाडी घेऊन गेली. शंभरावर माणसं त्या डब्यांत होती. गाव पुन्हा वसलं नाही.

आता त्याच तमिळ किनाऱ्यावरची दुसरी रात्र. 17 डिसेंबर 2023. तिरुचेंदूरहून चेन्नईला जाणारी एक्स्प्रेस सुमारे आठशे प्रवासी घेऊन निघाली. पाऊस असा की कायलपट्टिणमला एका दिवसात सुमारे 95 सेंटीमीटर पडला. आपल्या नागपुरात अख्ख्या पावसाळ्यात साधारण तेवढाच पडतो. श्रीवैकुंठम स्टेशनात गाडी आली, आणि पुढे रुळांखालची खडी पाण्यानं वाहून जात असल्याचं कळताच स्टेशन मास्तरांनी ती पुढे सोडलीच नाही. प्रवासी दोन दिवस तिथं अडकले. उपाशी राहिले, चिडलेही असतील. पण सगळे घरी गेले.

दोन्ही रात्री डिसेंबरच्या. दोन्ही गाड्या पुढे काय आहे ते न दिसणाऱ्या अंधारात उभ्या होत्या. श्रीवैकुंठमच्या स्टेशन मास्तरांना गाडी थांबवायला कोणाचे हात वर करून घ्यावे लागले नाहीत. आठशे प्रवाशांचं मत घेतलं असतं तर गाडी पुढे गेली असती, याबद्दल मला तरी शंका नाही.

आपल्याकडे हिवाळा म्हटलं की डोंगरच डोळ्यांपुढे येतो, म्हणून ही किनाऱ्याची गोष्ट मुद्दाम लिहिली. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तमिळनाडू आणि दक्षिण आंध्रच्या किनाऱ्यावर पावसाचा मोसम असतो, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. आपला पावसाळा संपला म्हणून त्यांचा संपत नाही. डिसेंबर 2023 च्या सुरुवातीला मिचाँग वादळात चेन्नई पाण्याखाली गेली. पुढच्याच वर्षी 30 नोव्हेंबरला फेंगल पुदुच्चेरीजवळ धडकलं आणि तिथं चोवीस तासांत 45 सेंटीमीटरहून जास्त पाऊस झाला. नागपूरहून चेन्नईची गाडी पकडून निघालेल्या आजी-आजोबांच्या पिशवीत स्वेटर असतो, छत्री नसते. तुमच्या सामानाच्या यादीतही नसते, मी पाहिली आहे.

आणि डोंगर. आपण नागपूरकर उन्हाचे जाणकार. मे महिन्यात दुपारी बारा ते चार कोणी नाहक बाहेर पडत नाही, पडलाच तर डोक्याला दुपट्टा, पोटात पन्हं आणि खिशात कांदा. लहान पोरालाही लू म्हणजे काय ते कळतं. हे ज्ञान आपल्याला पिढ्यांनी दिलं. बर्फाचं असं काहीही आपल्या घरात नाही. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. त्या पहाटे मी ड्युटीवर होतो, स्थानकाबाहेर सगळे टायर जाळून शेकत बसले होते. आपल्या शहरातली ती विक्रमी थंडी. तिच्यावरून आपल्याला वाटतं की थंडी आपण पाहिली आहे. पण ती कोरडी थंडी होती, वारा नव्हता, आणि दहा वाजता ऊन पडलं. बर्फात भिजलेल्या सुती मोज्यातली थंडी निराळी. ओलं कापड अंगातली ऊब झपाट्यानं ओढून घेतं. चिखलदऱ्याला पुरतो तो स्वेटर तिथं पुरत नाही. ऊब येते म्हणून दारूचा घोट घेणारेही आमच्या गाडीत होते. त्यानं गरम वाटतं, पण कातडीकडे रक्त धावल्यामुळे अंगातली ऊब उलट लवकर जाते.

हवामान खात्याचीच व्याख्या बघा. थंडीच्या लाटेचा विचार मैदानी भागात किमान तापमान 10 अंशांवर किंवा खाली आलं की सुरू होतो, किनाऱ्यावर 15 अंशांपासून, आणि डोंगरात शून्यापासून. एकाच शब्दाचे तीन ठिकाणी तीन अर्थ. म्हणून "तिकडे थंडी आहे, गरम कपडे आणा" एवढं सांगून तुमचं काम संपत नाही.

अटल बोगद्याबद्दल थोडं बोललं पाहिजे. ऑक्टोबर 2020 मध्ये तो सुरू झाला. नऊ किलोमीटरचा, समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटर उंचीवर. त्याआधी रोहतांगची खिंड बर्फानं बंद झाली की पलीकडचं लाहौल जवळजवळ सहा महिने जगापासून तुटायचं. तिथल्या लोकांसाठी तो बोगदा म्हणजे जीवनदान आहे. पण तुमच्या जाहिरातीत त्याचा अर्थ बदलून गेला: बारमाही रस्ता, म्हणजे बारमाही सहल. बोगद्याच्या आत बर्फ पडत नाही हे खरं. बोगद्यापर्यंत जाणारा रस्ता मात्र उघड्यावरच आहे, आणि आम्ही अडकलो तो तिथंच. जिथं पूर्वी हिवाळ्यात पर्यटक पोचूच शकत नव्हता तिथं आता तो दहा-पंधरा मिनिटांत पोचतो. तो परत कसा येणार, याचा हिशेब कोणी केलेला नाही.

सिक्कीमलाही तुम्ही नेता, म्हणून तिथली नाथू ला खिंड विसरू नका. 4 एप्रिल 2023, म्हणजे आपल्याकडे कूलर बाहेर काढायचे दिवस. त्या रस्त्यावर हिमकडा कोसळून सात पर्यटक गेले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचे होते, पर्यटक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते. त्या दोन मैलांत काय बोलणं झालं असेल ते मला न सांगता कळतं. पैसे भरले ना आपण?

एक गोष्ट मात्र तुम्ही आजच्या आज करायला हवी, त्यासाठी कोणतंही धोरण लागत नाही. सायलेन्सरच्या बर्फाचा अर्थ मला घरी आल्यावर समजला. गाडी सुरू ठेवून, काचा लावून, हीटर चालू करून माणसं बसतात. बाहेर सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलं की धूर आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. झोप येते आणि माणूस उठत नाही. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानात मुरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं दगावली, त्यातली कित्येक अशीच गेल्याचं सांगितलं गेलं. त्याआधी जानेवारी 2020 मध्ये नेपाळमध्ये दामन इथं केरळचे आठ पर्यटक, त्यात मुलंही, हॉटेलच्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि सकाळी उठले नाहीत. आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गिझरनं होतं तेच हे. तुमच्या प्रत्येक सहलप्रमुखानं पहिल्या रात्री प्रत्येक खोलीत जाऊन सांगावं: शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटवून झोपायचं नाही, खिडकीची फट उघडी ठेवायची. गाडी अडकली तर इंजिन थोडा थोडा वेळच चालवायचं आणि सायलेन्सर मोकळा ठेवायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

बाकीच्या गोष्टींना मात्र पैसा लागतो, आणि खरी गाठ तिथंच आहे.

इशारे मिळत नाहीत असं कोणी सांगू नये. उत्तरेतली बर्फवृष्टी बहुतेक पश्चिमी विक्षोभांमुळे होते, भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांमुळे, आणि ते येताना काही दिवस आधी दिसतात. कधीकधी त्यांचाच शेपटा विदर्भापर्यंत पोचतो आणि काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या फुलोऱ्यावर गारा पडतात. आपले बागायतदार जानेवारीत रोज अंदाज बघतात, त्यांना शिकवावं लागत नाही. हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी, लाल असे जिल्हावार इशारे फोनवर मिळतात. हिमकड्यांचा इशारा संरक्षण खात्याची संस्था वेगळा देते. हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र तर आपल्याच शहरात सोनेगावला आहे. अंदाज कसा वाचायचा हे तुमच्या पोरांना हंगामाआधी एक दिवस समजावून सांगा अशी विनंती तिथं जाऊन करायला काय हरकत आहे? पण इशारा वाचून करायचं काय? परत फिरलं की हॉटेलचं आगाऊ भाडं बुडतं, पुढची गाडी चुकते, आणि कोणीतरी सतरा जणांना पैसे परत द्यायचे असतात. तो "कोणीतरी" ठरलेला नसतो, म्हणून सगळे पुढे जातात.

तो ठरवा, एवढंच माझं मागणं आहे. बुकिंगच्या कागदावर स्वच्छ मराठीत लिहा की नारिंगी किंवा लाल इशारा असेल, किंवा स्थानिक ड्रायव्हरनं नकार दिला, तर सहलप्रमुख त्या दिवसाचा कार्यक्रम रद्द करेल आणि त्याचा शब्द अखेरचा असेल. हात वर करणं नाही. न झालेल्या ठिकाणाचे पैसे कसे आणि किती दिवसांत मिळतील तेही तिथंच लिहा. त्यासाठी प्रत्येकाकडून तीनशे-पाचशे रुपये जास्त घ्या, तो पैसा वेगळा ठेवा, हंगामाअखेर उरला तर परत करा. सात दिवसांच्या कार्यक्रमात एक दिवस मोकळा सोडा. सहा ठिकाणं दाखवणारा नऊ ठिकाणं दाखवणाऱ्यापुढे टिकत नाही, ही तुमची अडचण मला समजते. म्हणूनच हे एकट्यानं होणार नाही, तुम्ही सगळ्यांनी एकत्र बसून ठरवायला हवं. आणि प्रवाशांना विकताना खरं सांगा: "सिस्सू नक्की" असं नाही, "हवामानानं परवानगी दिली तर सिस्सू."

ट्रेकवाल्यांसाठी हे दुप्पट लागू आहे. उत्तराखंडातल्या केदारकांठ्याला जानेवारीत कॉलेजची मुलं जातात, सुमारे 3,800 मीटर उंचीवर, बर्फात. शिखर गाठलेल्याचा फोटो झळकतो, दोनशे मीटर खालून परत आलेल्याचा झळकत नाही. परत आलेल्या गटाचाही फोटो तुम्ही लावायला लागलात तर पुढच्या वर्षीच्या मुलांना परत फिरायची लाज वाटणार नाही.

तुमच्या पोराला मी दोष देत नाही. तो सोलंगला थांबायला तयार होता. त्याच्या मागे कोणी उभं नव्हतं, आणि जो माणूस आयुष्यभर चालकांच्या मागे उभा राहिला, त्यानंही त्या दिवशी त्याच्या विरुद्ध हात वर केला.

बायकोचं रामेश्वरला जायचं ठरलं आहे, याच डिसेंबरात. पुढच्या आठवड्यात मी बुकिंगला येतो आहे. हॉटेल कसं आहे, जेवणात काय आहे, हे ती विचारेल. वादळाचा इशारा आला तर गाडी मदुराईलाच थांबवायचा अधिकार कोणाला आहे, आणि ते पैसे कोण भरणार, हे मी विचारणार आहे. उत्तर कागदावर हवं आहे.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
नागपूर